गोदाबाईंची हजेरी

मी, सलिल चिंतामणी आठल्ये, वय सत्तेचाळीस, व्यवसाय सॉफ्टवेअर लिहिणे, राहणार नाचणे, रत्नागिरी, हे मृत्युपत्र पोटभर जेवून, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही मागे लागलेले नसताना लिहितो. गेल्या वर्षी हृदयात एक स्टेंट बसवला आहे. त्यामुळे घाई नाही, पण टाळाटाळही नको.

१. नाचणे येथील घर व मागची अकरा हापूस कलमे माझी धाकटी बहीण नीरजा हिला द्यावीत. मेहुण्यांना कुंपणाचा चिऱ्याचा गडगा पाडून तिथे गाडीची शेड करायची आहे. तो गडगा वडिलांनी स्वतःच्या हातांनी रचला आहे. तो पाडू नये. गाडी भिजली तर भिजू दे.

२. कंपनीने स्वास्थ्यासाठी दिलेले मनगटी घड्याळ पुण्यातील माझे साहेब अजिंक्य यांना परत करावे. छातीत कळ येऊन मी अंगणात येरझारा घालत होतो, तेव्हा या घड्याळाने पावलांचे उद्दिष्ट पूर्ण झाल्याबद्दल माझे अभिनंदन केले. तेवीस वर्षांच्या नोकरीत मिळालेले ते शेवटचे कौतुक. अजिंक्य यांच्यावर राग नाही. ते प्रत्येक कामाला "किरकोळ आहे" म्हणत आणि मला ते ऐकायला आवडत असे.

३. मिरजोळ्यातील एका काजू कारखान्याची हजेरीची प्रणाली मी लिहिली. मशीनवर बोट ठेवले की हजेरी लागते. बोट ओळखले नाही तर पडद्यावर ओळ येते, "बोट स्वच्छ पुसून पुन्हा ठेवा." ही ओळ माझी. तिचे शुद्धलेखन मी दोनदा तपासले होते. काही बायकांची हजेरी लागत नाही, अशी तक्रार आली, तेव्हा मी "वापरणाऱ्याची चूक" असा शेरा मारून ती बंद केली. कारखाना घरापासून वीस मिनिटांवर आहे. मी बघायला गेलो नाही.

आजारपणानंतर गोदा केरू पाष्टे माझ्याकडे स्वयंपाकाला येऊ लागल्या. मला उठावे लागू नये म्हणून दाराला बोटाने उघडणारे कुलूप बसवले. त्यांचे एकही बोट त्याने घेतले नाही. चौदा वर्षे काजू फोडून, टरफलातल्या तेलाने बोटांवरच्या रेषा गेल्या आहेत. त्यांनी पदराला बोट पुसले, ठेवले, पुन्हा पुसले. मग सहज सांगितले, की मिरजोळ्यालाही असेच मशीन आले होते. महिनाभर रोज कामाला जाऊनही त्यात त्या गैरहजर लागल्या आणि शेवटी तेच कारण देऊन त्यांना कमी केले.

"मना वाटायचा, माजाच बोट घाण," त्या म्हणाल्या.

ते मशीन कोणाचे, हे मी चार दिवस सांगितले नाही. मग सांगितले. मला लाज वाटली आणि अजून वाटते. त्यांनी त्या दिवशीही डॉक्टरांनी सांगितले तेवढेच मीठ भाजीत घातले.

४. दुरुस्ती लिहून तयार आहे. बोट ओळखता आले नाही, तर मुकादमाने माणूस बघून हजेरी लावायची, एवढीच ती आहे. सध्या सर्व सुरळीत आहे, दुरुस्ती नको, असे कारखान्याने कळवले. माझा लॅपटॉप नीरजाची मुलगी ओवी हिला द्यावा. ती हेच शिकते आहे. अट एकच, तिने दुरुस्ती घेऊन स्वतः कारखान्यात जावे आणि बायकांचे हात पाहिल्याशिवाय परत येऊ नये.

५. अकरापैकी दोन कलमे गोदाबाईंना द्यायची माझी इच्छा होती. साक्षीदारही त्यांनाच करायचे होते. वकील दर्शना यांनी सांगितले, की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, दोन्हींतले एकच निवडा. मी गोदाबाईंना विचारले. त्यांनी विचार करायला वेळ घेतला नाही.

"कलमा नको, भाऊ. मी रोज येत व्हते. येकदा कागदावर हजर लागू दे."

म्हणून सर्व अकरा कलमे नीरजाकडेच राहतील. दर मोसमात पहिली पेटी गोदाबाईंकडे पोचवावी, ही विनंती समजावी, कायदा नव्हे.

स्थळ: नाचणे, रत्नागिरी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
(सही) सलिल चिंतामणी आठल्ये

आम्हा दोघींच्या डोळ्यांदेखत सही झाली:

१. (सही) ॲड. दर्शना सोहोनी
२. (अंगठा) गोदा केरू पाष्टे

खुलासा: गोदाबाईंना सही येते. अंगठाच लावीन, असे त्या म्हणाल्या. वरील ठशात रेषा दिसणार नाहीत. ठसा त्यांचाच आहे. त्या हजर होत्या.

(सही) स. चिं. आठल्ये