डावी नांगी

बाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आज एका नष्ट झालेल्या प्राण्याचं चित्र पुरं करताना तुमची आठवण आली. खेकड्या-झिंग्यांच्या नात्यातलं हे कुळ समुद्रात शिकार करायचं. निम्मं डोकं डोळ्यांनीच भरलेलं, पुढचे पाय लांब, काटेरी. आता त्यातलं कुणी उरलेलं नाही. दगडात फक्त पुढचा भाग उमटला आहे. संग्रहालयातले साहेब म्हणाले, "मागचं अंदाजानं काढा ना. अर्धा प्राणी बघून पोरं हसतील." मी तिथे तुटक रेष काढली होती. अशानं चित्र भिंतीवर लागणार नाही, असंही ते म्हणाले.

जामसरची शाळा. तुम्ही जव्हारहून एसटीनं येता, चपला हातात घेऊन बांधावरून चालता. आदल्या दिवशी सांगितलेलं असतं, खेकडा आणा, बघून काढायचा. मी डब्यातून आणते. त्याला डावी नांगी नाही. मी दोन्ही काढते, सुबक. तुम्ही वहीवर वाकता.

"ही कुठे दिसली तुला?"

"बाई, दोन असतात."

"असतात ते मला माहीत आहे. तू काय पाहिलंस?"

मागून कुणीतरी म्हणतं, "बाई, तिला भुकेनं दोन दिसल्या." वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. पर्समधून स्वतःची पेन्सिल काढता, माझी नांगी खोडता आणि त्या जागी तुटक रेष ओढता. "ठाऊक आहे पण दिसत नाही, ते असं काढायचं." मग ती पेन्सिल माझ्याच हातात ठेवता.

त्या पेन्सिलीवर माझं आयुष्य चाललं, बाई. दुपारी साहेबांना मी नाही म्हणाले. चित्र तसंच दिलं. परत आलं तर येऊ दे.

हे सगळं मी त्या प्राण्याच्या कच्च्या चित्राच्या पाठीवर लिहिते आहे. ते कपाटात राहील, म्हणून एवढं सांगते. नांगी कुठे गेली, असं तुम्ही विचारलं होतं. मी म्हणाले, असाच सापडला. त्या सकाळी घरात भाकरी नव्हती. आईनं नांगी मोडून निखाऱ्यावर टाकली. "खा. तुझ्या बाईला काय, खेकडा तो खेकडा. फुटंल परत." शाळेच्या वाटेवर मी ती चोखत आले होते.

म्हणजे बाई, दोन्ही मी पाहिल्या होत्या.