बोडी आणि बॉडी

जवाहरनगर,
१८ जुलै २०१४

प्रिय संघपालदादास,

सुगतचा जय भीम. मुंबईची दमट हवा तुझ्या दम्याला सोसते आहे ना? वहिनींनाही जय भीम सांग. मी ठीक आहे. (परवा ताप होता, म्हणून 'बहुतेक ठीक' असे वाच.)

तुझ्या सत्काराचा परिचय लिहायचे काम मंडळाने माझ्यावर टाकले आहे. (बी.ए.ला मराठी होते, हा माझा गुन्हा.) झाडीपट्टीतल्या बावीस नाटकांची पदे, मग सात चित्रपटांची गाणी, इथपर्यंत पेन सुसाट चालले. अडले ते तुझ्या सर्वांत गाजलेल्या गाण्यापाशी. मोठी माय दर पावसाळ्यात तुला निरोप धाडायची, 'बोडी भरली, आता ये', म्हणजे गावतळे भरले, धानाच्या रोवणीला घरी ये. तुझ्या आईची ही ओळ तू गाण्यात घातलीस. पण मुंबईच्या गायकाला बोडी कुठून ठाऊक असणार? त्याने 'बॉडी भरली' म्हटले, निर्मात्याला तेच आवडले, आणि पडद्यावर नायक दंड फुगवू लागला! आमच्या फॅक्टरीच्या बसमध्येसुद्धा ते गाणे वाजते. (एकदा मीही ठेका धरला, डायरीत नोंद आहे.) त्या लाजेने, तीन रोवण्या झाल्या, तू गावी बपेऱ्याला फिरकला नाहीस.

परिचयात खरे लिहावे तर तुझी फजिती, न लिहावे तर मोठ्या मायची ओळ बुडाली. म्हणून रविवारी तिच्याकडेच गेलो आणि भीतभीत सगळे सांगितले. ती पदर तोंडाशी धरून इतकी हसली की ठसका लागला. मग म्हणाली, "म्हून येऊन नाही राहिला काय थो? अरे, गाणं बिघडलं, पोरगा थोडीच बिघडला! आन् बॉडी तं भरलीच पाहिजे त्याची. काडीवानी झाला असन." तिचे गुडघे आता चिखल सोसत नाहीत. यंदा ती शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसूनच रोवणी पाहणार आहे.

तेव्हा सोयीची तारीख कळव.

तुझा,
सुगत

ता.क. सत्कार वगैरे काही नाही. मंडळ आहे, पण त्यात मी एकटाच. खोटे लिहिल्याची टोचणी आहे. पण निव्वळ आठवण काढली तर तू येशील, याची खात्री वाटेना.

ता.क. २. मोठ्या मायने सांगितले तेवढेच लिहितो. काना-मात्रा दोनदा तपासली आहे: बोडी भरली, आता ये.