कोपरापर्यंत हात

३ एप्रिल २०२४

काय पाना, विसरलंस ना? परवा एवढं भरभरून सांगितलं, आन् आज पुन्हा कोरं करकरीत तोंड घेऊन समोर आलंस. आमचे मालक असेच होते. सांगावं संध्याकाळी, सकाळी पाटी कोरी. बरं, पुन्हा सांगते.

मी म्हाळसाबाई. मला अक्षर येत नाय. मी बोलते, सुकेशनी लिहिते. सुकेशनी म्हणजे माझ्या नातीची, शालूची, खोलीतली सोबतीण. दवाखान्याच्या लॅबमधी रक्त तपासते. हात वळणदार हाय तिचा, पण माझं बोलणं गुपचूप सुधारते. सुधारू नको म्हणलं की हसते. हे बी लिही.

शालू डॉक्टर झाली, तेवढ्यानं तिचं पोट भरलं नाय. आता तापाच्या, जंतूंच्या रोगांचं वरचं शिक्षण घेते. सारा दिवस दुसऱ्याच्या तापात. आन् होळीपासून तिलाच ताप. दिवस कलला की चढतो, पहाटे घामानं गोधडी भिजवून उतरतो. दोन-चार दिवस गायब होतो. वाटतं गेला. तर पुन्हा हजर — लाडावलेल्या जावयासारखा.

७ एप्रिल

मी इथं कशी आले ते सांगायचं राहिलं. गाव सिल्लोडच्या पल्याड. यंदा संक्रांतीलाच विहिरीचा तळ दिसला. धाकटा हनुमान मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेला. थोरला त्रिंबक, शालूचा बाप, पाठीनं जायबंदी. कंबरेला पट्टा बांधून ओट्यावर बसून असतो. मग मला आन् दोन शेळ्यांना टेम्पोत घालून शालूकडं आणून टाकलं. चंद्री आन् भुरी. फुलंब्री रोडला, हर्सूलच्या पुढं, नव्या प्लॉटांत हे घर. चारी बाजूंनी चुन्याच्या रेघा मारलेली जमीन. परवापर्यंत तिथं तूर होती म्हणे. माणसांची घरं उठायच्या आधी माझ्या शेळ्या तिथला पाला खाऊन घेतात. त्यांचाच फायदा.

शालूचं काम मोठं मजेशीर. माणूस ताप घेऊन आला की ही पोलिसासारखी बसते. कुठं झोपता, कुणाच्या घरी जेवलात, पाणी कुठलं, जनावरं कोणती, गेल्या महिन्यात कुठं गेलात. बजाजनगरचे तीन कामगार एकाच खोलीतले, तिघांनाही टायफॉइड. औषध दिलंच, पण सुट्टीच्या दिवशी त्यांच्या खोलीवर जाऊन पाण्याचा ड्रम बघून आली. ड्रमाला झाकण नव्हतं. ही झाकण विकत घेऊन देऊन आली. मी म्हणले, "डॉक्टर हायस का भांडेवाली?" म्हणली, "माय, आमच्यात दोन्ही लागतं."

असं शिक्षण मला आवडतं बरं का. तिच्यासमोर नाय म्हणत.

१५ एप्रिल

काल लिहिलं नाय. सुकेशनी जयंतीच्या मिरवणुकीला गेलती. निळा फेटा बांधून, घसा बसवून आली. मी म्हणले, लिहायला घसा कशाला लागतो? तर झोपलीच.

२१ एप्रिल

आज हसायचं काय नाय.

शालूचा ताप परत आला. अंग ठणकतं, पाठ धरते. जिना चढताना मधीच बसली. छातीचा फोटो साफ निघाला तरी तिथल्या डॉक्टरांना वाटतं टीबी असावा — त्याच वॉर्डात दिवसभर असते ना. आणखी आठ दिवस बघू, नायतर अंदाजानं टीबीची औषधं सुरू करू, असं चाललंय.

त्यात त्रिंबकचा फोन. आवाज एवढा मोठा की भुरीनं पण कान टवकारले.

"लोकांच्या तापात हात घालायला तुला कुणी सांगितलं बाई? घरी आणलास ना शेवटी. बाळंतपणाची डॉक्टर हो, लेकरांची हो, कुणी नाय म्हणतंय? आखाजीच्या सणाला घरी ये. ते शिक्षण आता बास."

शालू नुसती "आबा, ऐका तर" म्हणत राहिली. फोन ठेवला आन् भिंतीकडं तोंड करून पडली. रजा संपत आलीय. आणखी घरी राहिली तर तिची जागा जाते, असं सुकेशनी सांगते. बाप म्हणतो ये. दवाखाना म्हणतो हजर हो. ताप म्हणतो पडून राहा. पोरीला कुणी विचारत नाय तुला काय पाहिजे.

मी विचारलं. म्हणली, "माय, मला हेच काम पाहिजे."

तिला ज्वारीची पेज दिली. दोन घोट घेतले.

२ मे

आज शालूच्या मोठ्या मॅडम घरी आल्या. सत्यभामा मॅडम. पांढरे केस, पायात साध्या चपला. रजा संपून आठवडा झाला तरी पोरगी आली नाय म्हणून बघायला आल्या. एवढी मोठी बाई, दोन खोल्यांच्या घरात, माझ्या घोंगडीवर मांडी घालून.

आता आमच्यात पाहुण्याला काय देतात? भुरीला बोलावलं, त्यांच्या समोर धार काढली, फेसाळतं दूध पितळी पेल्यात भरून हातात दिलं. शालूच्या आन् सुकेशनीच्या हट्टापायी मी त्या दोघींचं दूध उकळते. पण पाहुण्याला उकळलेलं देणं म्हणजे त्याच्या पुढ्यात शिळं टाकणं. शिवाय दूध आगीवर ठेवलं की जनावर आटतं म्हणतात, ह्या दुष्काळात आटवायचं का? माझ्या सासूनं नाय ठेवलं, तिच्या सासूनं नाय ठेवलं.

मॅडमनी पेला घेतला. मांडीवर ठेवला. पिईनात.

मला आला राग. म्हणले, "बाई, शेळी आहे, वाघीण नाय. प्या."

त्या हसल्या. "आजी, शेळ्या किती?"

"दोन."

"दोन्ही व्याल्या?"

"भुरी व्याली. चंद्रीनं शिवरात्रीच्या आसपास गाभ टाकला. वारही पडंना, आतच अडकली. माझे तर हात थरथरतात आता."

"मग वार कुणी काढली?"

मी काय लपवते होय? छाती फुगवून सांगितलं, "आमच्या शालूनं. बाह्या वर सारल्या, तेल लावलं, कोपरापर्यंत हात घातला. शेळी वाचवली. डॉक्टर झाली म्हणून काय झालं, धनगराचीच पोर आहे."

मॅडमनी शालूकडं बघितलं. शालूनं मॅडमकडं. मग पोरीनं हळूच गोधडी डोक्यावर ओढून घेतली.

"शालू," मॅडम म्हणल्या, "बाहेर ये."

गोधडीतून आवाज — "नाही मॅडम."

"हाच ताप घेऊन एखादी बाई तुझ्यापुढं बसली असती, तर तू पहिलं काय विचारलं असतंस?"

तशीच आतून — "घरात जनावरं आहेत का. कुणाचा गर्भ पडला का."

"आणि तुला कुणी विचारलं?"

"कुणी नाही."

"मीपण नाही," मॅडम म्हणल्या. "मी नुसते छातीचे फोटो बघत बसले."

हसावं का रडावं कळंना. वॉर्डात ही पोरगी दोन-दोन हातमोजे घालते, साबणानं हात सोलून काढते. आन् घरी आली की ती डॉक्टर नसतेच, चंद्रीची मालकीण असते. मालकीण कुठं हातमोजे घालती?

मॅडमनी लगेच लॅबमधी फोन लावला. शालूच्या रक्ताची बाटली जपून हाताळा, लवकर टाकून देऊ नका, हा जंतू सावकाश वाढतो आन् लॅबवाल्यालाही धरतो. लॅबवाली इथंच बसलेली. सुकेशनीचा चेहरा पांढरा पडला. मी म्हणले, तुझ्या फेट्यानं तोंड बांधून काम कर.

जाताना मॅडमनी पेला स्वतः चुलीपाशी नेला. दूध उकळलं. तिथंच उभ्यानं प्यायल्या. म्हणल्या, "आता झालं माझं पाहुणपण."

राग गेला माझा. थोडाच.

९ मे

निघाला. शेळ्यामेंढ्यांपासून येणारा ताप. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव हाय, सुकेशनीनं लिहून दाखवलं, मी म्हणले राहू दे, ताप लहान आन् नाव मोठं. दीड महिना गोळ्या, थोडे दिवस इंजेक्शनं. टीबी नाय. वॉर्डातून आलेला नाय. माझ्या अंगणातून आलेला.

माझंही रक्त घेतलं. त्या जंतूची आन् माझी जुनी ओळख निघाली म्हणे, पण ताप नाय, दुखणं नाय, म्हणून औषध नाय. शालू म्हणती, "माय, तो तुझ्याशी बोलून दमला असंल."

चंद्रीतही तोच जंतू निघाला, म्हणून तिला जनावरांच्या डॉक्टरांनी नेलं. विकायची नाय, कुणाला द्यायची नाय, नायतर रोग दुसऱ्याच्या दारात. बरोबर हाय. मी काय मूर्ख नाय. नेण्याआधी शालूनं मला हातमोजे घालून तिला हात लावू दिला. रबरी हात. तिनं हुंगला आन् मान फिरवली. तिला माझा हात ओळखू आला नाय.

भुरीची तपासणी साफ. तिचं सगळंच दूध आता उकळते. सासूबाई, बघू नका.

१० मे

आखाजी. शालू घरी गेली नाय. त्रिंबकनं फोन केला नाय.

१७ मे

ताप उतरलाय. शालू भाकरी मागून खाती. कामावरही जाते, अर्धा दिवस. आन् काल जेवता जेवता घास हातात धरून थांबली.

"माय, आबांची पाठ कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यापासून."

"आधी ताप यायचा?"

यायचा की. उन्हाचा म्हणून काढला. घाम यायचा, मेंढरांमागं फिरणारा माणूस, घाम येणारच. गेल्या साली कळपात सात-आठ मेंढ्यांनी गाभ टाकला, त्या सगळ्यांची साफसफाई त्रिंबकनंच केली. हे मीच तिला सांगत गेले आन् सांगता सांगता मलाच सगळं जुळत गेलं.

त्रिंबकचं मणक्याचं ऑपरेशन ठरलंय, एका खाजगी दवाखान्यात, पुढच्या आठवड्यात. शालूनं तिथंच फोन लावला.

"आबा, ऑपरेशनच्या आधी एकदा माझ्याकडं रक्त द्या."

"तू माणसांची डॉक्टर का मेंढरांची?"

"दोघांची. या."

"पाठ वयानं दुखते. तुझ्या त्या शिक्षणाला माझं अंग देऊ का आता?"

पोरीचा आवाज चढला नाय. लहान झाला. "आबा, मला तुम्ही घरी बोलावलंत, मी आले नाय. आता मी बोलावते. तुम्ही तरी या."

फोन बंद झाला. कुणी ठेवला, कळलं नाय. मग मीच लावला. काय बोलले ते पानावर यायचं नाय. आई असल्याचा एवढाच तर फायदा असतो.

२२ मे

त्रिंबक आला. हनुमाननं आणून सोडला. तोंड असं, जसं कोणी बाजारात उभं केलंय. रक्त दिलं. शालूशी बोलला नाय, सुईशी बोलला — "हळू."

३० मे

सुकेशनी, फोन नीट कानाला धर, मी वॉर्डातून, त्रिंबकच्या खाटेशेजारून बोलते. त्रिंबकच्या मणक्यातही तोच जंतू निघाला. ऑपरेशन नाय, तीन महिने औषध. सकाळी मॅडम आल्या, त्यांच्यामागं शालू, पांढऱ्या कोटात. बापाला जनावरं कोणती, गाभ टाकला का, हात कोणी घातला, सगळं पहिल्यापासून विचारलं, जणू अनोळखी हाय. त्यानं एकेक खरं सांगितलं, हात जोडल्यासारखा बसून. ती पुढं गेली तशी शेजारच्या खाटेवरच्या पुंजारामला म्हणतो, "ती आता तुझ्याकडं येईल. विचारेल ते सगळं सांग. लपवलंस तर सोडायची नाय — माझी लेक हाय."

हे लिहून झालं की पीठ मळ. उद्या डब्यात भाकरी, शेपूची भाजी आन् कांदा धाड. चार भाकरी जास्त टाक, पुंजारामचं इथं कुणी नाय.