भाऱ्यावर बसलेला मास्तर

प्रिय रुक्मा,

बेचाळीस वर्षांच्या संसारात तुला हे पहिलंच पत्र. परीक्षेला बसलेल्या पोरासारखं लिहितोय आणि खोडतोय. तू नांदेडला पुनमकडे गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. फोन केला की लेकच उचलते आणि "आई झोपली," म्हणते. सकाळी दहाला! असू दे, दोष माझाच. तुझी ती गोधडी पाहून मीच ओरडलो होतो की आता गावात तोंड दाखवायला जागा न्हाई. तू गोधडीची घडी घातलीस, हिंगोलीच्या प्रदर्शनासाठी शाळेतल्या चित्रकलेच्या पुजा मॅडमच्या हाती दिलीस आणि एसटीत बसलीस.

तर ऐक, मी हिंगोलीला जाऊन ते प्रदर्शन पाहून आलो! एकदा नाही, तीनदा! वाचनालयाच्या हॉलच्या दारावर मॅडमनी लिहिलंय, 'बायांचं बळ, हसत हसत बघा.' आत एकोणीस बायांच्या गोधड्या. सेनगावच्या एकीने चिखलात रुतलेली एसटी बाईच्या डोक्यावर दिलीय आणि कंडक्टर खिडकीतून वाकून तिलाच तिकीट विचारतोय. सिद्धेश्वरच्या कोळणीने धरणातून जाळं ओढलंय, त्यात मासळीबरोबर नवराही आलाय, मजेत विडी ओढत. रुक्मा, मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. दुसरीच्या वर्गात पावसाची कविता शिकवताना मी आणि पोरं बाकावर नाचायचो, अगदी तसं वाटलं.

मग कोपऱ्यात तुझी दिसली. सोयाबीनचं रान, बाईच्या डोक्यावर हा एवढा कडब्याचा भारा आणि भाऱ्यावर मांडी घालून पुस्तक वाचणारा बाप्या. नर्सीच्या दोन म्हाताऱ्या पुढे उभ्या होत्या. एक म्हणाली, "काहून गं, हा वर बसून काय करून राहिला?" दुसरी म्हणाली, "कविता म्हणून राहिला माय, वजन हलकं व्हावं म्हणून!" तेवढ्यात आपल्या गावचा पुंजाजी मागून आला आणि केवढ्यानं ओरडला, "मास्तर, हे तर तुमीच की वो! सदरा बी तुमचाच!" खरंच माझाच. खिशावरचा लाल शाईचा डागसुद्धा तू तसाच ठेवलायस.

खरं सांगू? क्षणभर मला वाटलं, हिने मला केवढं उंच बसवलंय! छाती फुगली. मग चष्मा पुसून जवळ गेलो तेव्हा त्या बाईची मान दिसली. बाकी सगळीकडे तुझे सुटे, मोकळे टाके, आणि मानेवर मात्र धाग्यावर धागा, इतका दाट की बोट ठेवलं तर गाठ लागावी. मला रानातली ती वाट आठवली. तू भारा घेऊन पुढं, मी मोकळ्या हातांनी मागं, कविता म्हणत. मला वाटायचं, तुला त्या आवडतात म्हणून तू गप्प चालतेस. ओझ्याखाली बोलता येत नाही, हे बेचाळीस वर्षांत मला सुचलं नाही. रात्री मानेला तेल लावायचीस, तेव्हा कशाने दुखतंय एवढंही मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशी डबा घेऊन. गोधडीशेजारी उभा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "वर बसलाय ना, तो मी." लोक पोट धरून हसतात. पोरी माझ्यासोबत फोटो काढतात. माझी फजिती होईल म्हणून घाबरलो होतो आणि आता म्हातारपणी हिंगोलीत माझं एवढं नाव झालंय!

पण रुक्मा, तुझं झालेलं नाही. पत्र लिहायला बसलो ते त्यासाठीच. अठरा गोधड्यांखाली करणारीचं नाव आहे. तुझ्या गोधडीखाली कोरी चिठ्ठी. मॅडम म्हणाल्या, "काकूंनीच सांगितलं, नाव टाकू नका, मास्तरांना तकलीफ व्हईल." त्यांनी पेन माझ्या हातात दिला, "तुमीच लिहा आता." मी लिहायला वाकलो आणि थांबलो. तुला न विचारता आजवर पुष्कळ ठरवलं, एवढं तरी नको. प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. नाव मी लिहू, की तू येऊन लिहितेस? लिहायचंच नसेल तर तसं सांग, चिठ्ठी कोरी राहील. पण या वेळी फोन तू उचल.

तुझाच,
माणिक