एक खाच डावीकडे

गुरुवार, दिनांक १९ ऑक्टोबर २०२३ रोजी दुपारी, आमच्या गावात बंदुका दुरुस्त करणारे मर्ल हॉफर यांनी माझ्या डोळ्यांदेखत चौदा जुनी काडतुसे उघडली, आतली दारू आपल्या काट्यावर तोलली आणि चौदाच्या चौदा काडतुसांत पाच-पाच ग्रेन (साधारण एक-तृतीयांश ग्रॅम) दारू कमी असल्याचे सांगितले. त्याच्या दोन दिवस आधी डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले की माझे हृदय पुढच्या हिवाळ्यापर्यंत चालेलच असे नाही, डोके मात्र ठणठणीत आहे. दोन्ही निदाने मला मान्य आहेत. म्हणून मी, अल्विन रॉय स्ट्रोबेल, वय ७९, निवृत्त टर्नर, राहणार केटल फोर्क, पॉटर काउंटी, पेनसिल्व्हेनिया, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना (मुलगी दडपण आणते, पण ते मी मानत नाही) हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वीचे रद्द समजावे. त्यात माझ्या भावाचे नाव नव्हते, ते मुद्दाम नव्हते.

१. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी जोलीन हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तळघराच्या चौथ्या पायरीवर जपून पाय ठेवावा. ती दुरुस्त करतो असे मी तिच्या आईला, म्हणजे कै. व्हेराला, एकोणीस वर्षे सांगत होतो.

२. लेथ आणि त्यावरची सगळी हत्यारे जिल्ह्याच्या तंत्रशाळेला. अट एकच, लेथ पुसून ठेवायचा.

३. पिकअप गाडी शेजारी ड्वाइट यॅन्सी याला. माझी शिडीही त्यालाच. ती अशीही २०११ पासून त्याच्याकडेच आहे.

४. मर्ल हॉफर यांना काही नाही. ते साक्षीदार म्हणून सही करणार असल्याने वकीलबाईंनी त्यांना काही देऊ दिले नाही. मर्ल म्हणाले, "बरं झालं. तुझा जुना कोट घालायची वेळ आली असती."

५. माझ्या हाताने भरलेली जेवढी काडतुसे तळघरात सापडतील, ती सर्व मर्ल यांच्याकडून उघडून घ्यावीत आणि दारू बागेत पसरून टाकावी. एकही उडवू नये, विकू नये, प्रेमाने कोणाला देऊ नये. दुसऱ्याने भरलेले काडतूस आपल्या रायफलीत घालायचे नाही, हा आमच्यातला पहिला नियम. वडिलांनी तो मला वयाच्या बाराव्या वर्षी शिकवला. माझ्या भावाने आयुष्यात एकदाच तो माझ्यासाठी मोडला. पुढचे कलम त्याबद्दल आहे.

६. वडिलांची रायफल, काडतुसे भरायचा दाबयंत्रासकट सगळा संच, दारू तोलायचा काटा (दांडीच्या खाचांत वजन सरकवायचे तसला), वजने, माझी हिरव्या पुठ्ठ्याची वही आणि डोंगरावरच्या शिकारीच्या कॅम्पमधला माझा अर्धा हिस्सा माझा धाकटा भाऊ डेल्मर स्ट्रोबेल, वय ७५, याला मिळावा. हे बक्षीस नाही. त्याचे त्याला परत देणे आहे. कारण लिहितो.

रायफल आम्हा दोघांची होती. एक वर्ष त्याच्याकडे, एक वर्ष माझ्याकडे, असे वडील सांगून गेले होते. नेमबाजी दोघांची सारखी, काडतुसे भरायचा नाद मात्र माझा एकट्याचा. त्या रायफलीला कोणती गोळी, किती दारू, गोळी पितळी पुंगळीत किती खोल बसवायची, हे शोधण्यात माझे सात हिवाळे गेले. शेवटी शंभर यार्डांवर तीन गोळ्यांची भोके एका नाण्याखाली झाकायला लागली. वहीत त्या पानाला मी लाल दोरा लावला आहे.

३० नोव्हेंबर १९९७, हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आदला दिवस, रविवार. वर्ष डेल्मरचे होते. मी त्याच्यासाठी वीस काडतुसे भरायला बसलो आणि तो शेजारी स्टुलावर. काटा दारूच्या वजनावर लावून झाला होता, पण अजून एकही पुंगळी भरली नव्हती. तेवढ्यात व्हेरा बिटाच्या रसात मुरवलेल्या अंड्यांची बशी घेऊन खाली आली. बशीला जागा करायला मी काटा उचलून बाजूला ठेवला, दोन अंडी खाल्ली, काटा परत जागेवर आणला. डेल्मर म्हणाला, "अल्विन, काटा परत तपासशील ना? हलवलास म्हणून म्हणतो."

मी म्हणालो, "काट्याचं मी बघतो. तू नेमाचं बघ."

काटा हलवला की खात्रीचे वजन ठेवून तो तपासायचा, हा माझाच नियम. माझ्याच अक्षरात बाकाच्या वर लावलेला. वजन हाताशी, डबीत होते. डबी मी उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी तोडलेल्या रानापलीकडे, सव्वादोनशे यार्डांवर, आमच्या डोंगरावर पुन्हा कधी दिसला नाही असा नर उभा राहिला. डेल्मरने खांद्यामागे नेम धरला. पहिली गोळी खाली लागली, पुढचा पाय मोडला. पुढच्या दोन पोटाखालून गेल्या. दोन दिवस आम्ही बर्फात रक्ताचा माग काढला. ओढ्यापाशी माग संपला. मार्चमध्ये तो कावळ्यांमुळे सापडला.

नेम चुकला की शर्टाची मागची शेपटी कापायची, त्यावर नाव-तारीख घालून कॅम्पच्या भिंतीला ठोकायची, ही आमच्याकडची गंमत. वडिलांच्याही दोन आहेत. माग संपला त्या संध्याकाळी मी डेल्मरची कापली. सगळे हसले, तोही हसला. तिथे थांबायला हवे होते. मी म्हणालो, "चुकणाऱ्याला माफी आहे. जनावर जखमी करून सोडणाऱ्याला नाही. बाबांची रायफल यापुढे माझ्याकडे राहील."

डेल्मर म्हणाला, "मी चाप ओढला तेव्हा नेम खांद्यामागेच होता."

"मग गोळीला विचार," मी म्हणालो.

तो कोट घालून निघून गेला. कॅम्पवर परत आला नाही. व्हेराच्या अंत्यविधीला आला, शेवटच्या बाकावर बसला आणि कॉफीच्या आधी गेला. त्याचे घर इथून अकरा मैलांवर आहे.

गोळीला विचारायला मला सव्वीस वर्षे लागली. या मृत्युपत्रासाठी सामानाची यादी करताना, सप्टेंबरात, १९९७ च्या त्या वीस काडतुसांचा डबा हाती लागला. तीन खर्ची, सतरा शिल्लक. त्यातले एक मी सवयीने कानाशी हलवले. माझ्या मापाची दारू पुंगळी गळ्यापर्यंत भरते, तिला हलायला जागाच नसते. हे काडतूस वाजले. दुसरे वाजले. सगळी वाजली. तीन मी स्वतः उघडली, माझ्या काट्यावर तोलली आणि माझ्या काट्यावर विश्वास ठेवावा की नाही हे न कळल्याने उरलेली चौदा मर्लकडे नेली. त्यांनी शेवटचे तोलून चष्मा काढला.

"दांडीवरचं मोठं वजन एक खाच डावीकडे सरकलं होतं, म्हणजे पाच ग्रेन. तेवढ्याने गोळी मंदावते आणि लांबवर खाली लागते," ते म्हणाले. "आणि सगळी एकसारखी कमी, दशांशाचाही फरक नाही. अल्विन, चूकही इतकी तंतोतंत तूच करू जाणे."

मी गाडीत जाऊन बसलो. बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

७. कॅम्पच्या भिंतीवरून 'डेल्मर, १ डिसेंबर १९९७' हा तुकडा काढावा. त्याच खिळ्याला माझ्या शर्टाची शेपटी ठोकावी. तारीख मात्र आदल्या दिवशीची घालावी, कारण नेम रविवारीच चुकला, तळघरात. शेपटी मी कापून या कागदांना जोडली आहे. जोलीन म्हणाली, "बाबा, अरे नवा शर्ट होता!" जुन्याची कापली असती तर ती लबाडी झाली असती.

८. हे सगळे डेल्मरला माझ्या पश्चात वकीलबाईंनी वाचून दाखवावे, अशी माझी योजना होती. जोलीनने मसुदा वाचला आणि कागद टेबलावर आपटला. "माफी मागायला आधी मरावं लागतं का? बारा वर्षांच्या पोराला काडतूस भरायला शिकवशील, आणि सॉरी म्हणायला वकील ठेवशील? मी गाडी काढते." म्हणून असे ठरवतो: मी हयातीत, स्वतःच्या तोंडाने, डेल्मरला हे सांगू शकलो, तर कलम ६ आणि ७ रद्द समजावीत, कारण तेव्हा ती पुरी झालेली असतील. त्याने दार उघडले नाही, तर ती जशीच्या तशी लागू राहतील आणि रायफल पोस्टाच्या पेटीशेजारी ठेवून न येता जोलीनने त्याच्या हातात द्यावी.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला, आणि दोन ठिकाणी मला तो आवडला नाही, तरी खरा आहे.

अल्विन रॉय स्ट्रोबेल (सही)

साक्षीदार:
मर्ल हॉफर (सही)
एथेल ब्रँट, टपाल कचेरी, केटल फोर्क (सही)

केटल फोर्क, मंगळवार, २४ ऑक्टोबर २०२३

सह्या झाल्यावर जोडलेली नोंद: जोलीनने आत्ता डेल्मरला फोन केला. मी रायफल घेऊन येतोय, एवढेच तिने सांगितले. त्याने विचारले, "किती वाजता?" रविवारी, चर्चनंतर, साडेअकराला. रायफलीबरोबर काटा आणि खात्रीच्या वजनाची डबीही नेत आहे. तो आधी काटा तपासायला मागेल. त्याला हवा तेवढा वेळ तपासू देणार आहे.