ताईचं गाणं कोण म्हणणार

हूना, ९ ऑगस्ट

लाईल बाळा,

मामाचा आशीर्वाद. यंदा सामन मासा भरपूर, धुरीघर गच्च भरलंय. व्हर्नाने तुझ्या वाट्याचा डबा पाठवलाय. सिअॅटलच्या दुकानात मिळतो त्याला आम्ही मासा म्हणत नाही.

ऑक्टोबरात तुझ्या आईला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी आपण गरुडाच्या बाजूची माणसं यजमान, आणि कावळ्याच्या बाजूची घराणी आपले पाहुणे. त्यांच्यासमोर उभं राहून आपल्या घराण्याचं शोकाचं गाणं म्हटलं, की मग ताईसाठी रडणं थांबवायचं. ते म्हणायचा हक्क असलेले आता मी आणि तू एवढेच उरलो.

"मामा, फोनवर गाऊन पाठव, मी शिकतो," म्हणालास. अरे, फोन चुकलेल्याला टपली मारत नाही. माझ्या मामाने डफाची काठी माझ्या गुडघ्यावर आपटून शिकवलंय.

हे ऐकून व्हर्ना खूप हसली. माझ्या या पोरीचा गळा तुला ठाऊक आहेच. गावातल्या मुलांना नाच शिकवते, पाठीवरच्या पांघरुणावरचं घराण्याचं चिन्ह आधी दिसावं म्हणून पाठमोरं आत यायला लावते, आणि चुकलं की माझ्यासारखीच खेकसते. पण आपल्यात घराणं आईकडून येतं; ती तिच्या आईच्या घराण्याची, कावळ्याची. मुलगी माझी, तरी माझं गाणं तिचं नाही.

परवा मासे टांगताना मी ते गुणगुणत होतो. मधेच आवाज तुटला, आणि पलीकडून पुढची ओळ आली, अगदी हलकी, बिनचूक.

"कधी शिकलीस?"

"लहानपणापासून ऐकतेय, बाबा. आपलं नाही म्हणून कधी म्हटलं नाही."

"मग आज?"

"इथे मासेच तर ऐकतायत."

डोळे धुराने भरले असं तिला सांगितलं.

आवाज का तुटला ते लिहायचं टाळत होतो. घशात गाठ आहे. सप्टेंबरात अँकरेजला कापणार. पुढे आवाज राहील असं डॉक्टरीणबाई काही म्हणत नाहीत. मला भीती वाटते, बाळा, आणि जिवापेक्षा गाण्याची जास्त.

म्हणून त्याआधी ये. ठेका मी धरीन, माझा आवाज अडेल तिथे व्हर्ना सांगेल. तुला शिकवण्यापुरती परवानगी मी तिला दिलीय.

नाही आलास, तर ताईच्या दिवशी मी नुसता डफ वाजवीन. समोर पाहुण्यांत व्हर्ना बसलेली असेल. तिला अख्खं गाणं येत असेल, आणि ती तोंड उघडणार नाही.

सप्टेंबरपर्यंत गाणारा,
तुझा वेंडेल मामा