पहिल्या लाइनचा मोडेम

सोलापूर,
रविवार सकाळ

प्रिय शरणबसव,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलं असशील, या भरवशावर लिहितो आहे. पंचवीस वर्षं आपण बोललो नाही, आणि ते कुणामुळे हे तुलाही ठाऊक आहे, मलाही. आपल्या ‘धागा’वरची लोकांची खासगी पत्रं तू चोरून वाचतोस, असा आरोप मी भर सभेत केला आणि तू गाव सोडलंस. तुझा गुलबर्ग्याचा पत्ता तुझ्या धाकट्या भावाकडून, कल्लप्पाकडून घेतला. त्याने दिला, पण चहा विचारला नाही. बरोबर केलं.

तर ऐक. ‘धागा’ पुन्हा सुरू झाला आहे. तेच दोन मोडेम, तोच संगणक, तुझ्या हातच्या पीळ दिलेल्या वायरी. माझ्या जुन्या कॉलेजात प्रियंका नावाची एक बाई संगणक शिकवते. मोबाईलच्या आधी इंटरनेट कसं होतं, असं तिने वर्गाला विचारलं. उत्तर आलं, “नव्हतंच मॅडम.” तिला राग आला. सोलापुरात दोन माणसांनी टेलिफोनच्या तारेवर पत्रांची सेवा चालवली होती, हे तिने कुणाकडून तरी ऐकलं आणि थेट माझ्या दारात आली. मी माळ्यावर चढलो. सगळं सामान एका चादरीत बांधून ठेवलेलं होतं. ते मी इतकी वर्षं भंगारात का दिलं नाही, हे मलाही सांगता येत नाही.

आता ती तांब्याची टेलिफोन लाइन कुठली मिळायला! प्रियंकाने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका बंद टॉवेल कारखान्याचा इंटरकॉम पैदा केला. तो कॉलेजात बसवला: एका खोलीत आपला संगणक आणि मोडेम, दुसऱ्या दोन खोल्यांतल्या कॉलेजच्या जुन्या यंत्रांवरून डायल करायचं. संगणकातली नाण्याएवढी बॅटरी बदलली आणि तो म्हातारा उठून बसला. मग मी नंबर फिरवला. आधी शिट्टी, मग ती किंचाळी, मग यंत्रमागात धोटा अडकावा तशी खरखर. आणि पडद्यावर तुझी ती ओळ, रोमन अक्षरांतली मराठी: ‘धाग्यावर स्वागत. चपला बाहेर काढा.’ मी मोठ्याने हसलो रे, आणि प्रियंकाला कळेना की यात हसण्यासारखं काय आहे.

चार दिवस मी तिथून हललो नाही. तेव्हा मी ‘धागा’वर भाषणं खूप केली, पण ही दोन यंत्रं एकमेकांशी काय बोलतात हे तुला कधी धड विचारलं नव्हतं. आता वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी पोरकटासारखा विचारत सुटलो. ती किंचाळी म्हणजे दोघांनी वेग ठरवणं. हिरवा दिवा म्हणजे पलीकडे माणूस आहे. प्रियंका म्हणाली, “सर, तुम्ही घरी जाणार आहात, की इथंच अंथरूण टाकू?”

चौथ्या दिवशी दुपारी मी एका खोलीत बसून भाषणाचा मसुदा टाइप करत होतो. त्याच लाइनवरचा दुसरा फोन व्हरांड्यात आहे. शिपाई मडिवाळप्पाने तो उचलला. “हॅलो! कोन बोंबलायलंय हो?” झालं, माझी लाइन तुटली. तेवढ्यात तिसऱ्या खोलीतून प्रियंकाने डायल केलं आणि ओरडली, “सर, मी अजून नाव-पासवर्ड काहीच टाकलं नाही, आणि तुमचं अर्धं वाक्य माझ्यासमोर! तुमचंच आहे. एवढं लांब वाक्य दुसरं कोण लिहिणार?”

मी उठून गेलो. माझा सगळा खण तिच्यापुढे सताड उघडा होता. माझी आलेली पत्रं, गेलेली पत्रं, सगळं.

मग ती शोधायला बसली आणि मी तिच्या खांद्यावरून बघत राहिलो. माणूस तुटला की मोडेमने संगणकाला सांगायचं असतं, ‘गेला’. मग संगणक त्याचा खण बंद करतो. पहिल्या लाइनचा मोडेम हे सांगतच नव्हता. त्यामुळे खण उघडाच राहायचा, आणि पुढचा जो डायल करील तो सरळ त्यात शिरायचा. प्रियंकाने मोडेम फिरवला. पाठीमागे तांदळाएवढ्या आठ पांढऱ्या खटक्यांची रांग. दुसऱ्या मोडेमशी ताडून पाहिलं, तर इथे एकच खटका खाली होता, आणि त्याच्याशेजारी लाल शाईचा ठिपका. तिने विचारलं, “हे कुणी केलंय?” मी म्हणालो, माहीत नाही.

शरणू, मी खोटं बोललो. ती लाल शाई माझी, पेपर तपासायच्या पेनची.

तेव्हा मी लांबलचक लेख ‘धागा’वर बसून लिहायचो आणि घरात कुणीतरी रिसीव्हर उचलला की सगळं जायचं. एकदा तू अक्कलकोटला गेला होतास. मोडेमसोबतच्या पुस्तकात मी वाचलं की तो खटका पाडला तर लाइन तुटली तरी काम तसंच राहतं, पुन्हा डायल केलं की जिथं होतो तिथून पुढे. मी खटका पाडला. कुठला पाडला ते लक्षात राहावं म्हणून ठिपका दिला. तुला सांगितलं नाही, कारण तू ‘कशाला हात लावलास’ म्हणाला असतास. नंतर खरोखरच विसरलो.

आणि पुढच्याच महिन्यात महानंदाताईंनी ‘धागा’वरून नातेपुत्याच्या भावाला लिहिलेलं पत्र, पुन्हा लग्न करायचं ठरवलंय असं, दोन दिवसांत त्यांच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये पोचलं. त्या माळशिरसला बदली मागून गेल्या. यंत्राची किल्ली फक्त तुझ्याकडे. मला पुरावा तेवढाच पुरला. तू म्हणालास, “यज्ञा, लायनीत काय तरी हाय. दोन दिस दे की मला.” मी दिले नाहीत, कारण वाचनालयातली सभा दुसऱ्या दिवशी ठरली होती आणि भाषण तयार होतं. चाळीस मिनिटं बोललो. दुसऱ्याचं पत्र उघडणं म्हणजे त्याच्या घरात शिरणं, असं म्हणालो. मत आजही तेच आहे, त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. फक्त घरात शिरायची वाट मी उघडून दिली होती आणि चोर म्हणून बोट तुझ्याकडे दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू शेवटच्या रांगेतून “इरली बिडू”, जाऊ दे, एवढंच म्हणालास आणि निघून गेलास.

त्या दुपारी खोटं बोललो, पण तासाभराने प्रियंकाला खरं सांगितलं. काल महानंदाताईंकडे गेलो. निवृत्त होऊन इथेच आल्या आहेत. भाकरी थापत ऐकत होत्या, तवा रिकामा तापत राहिला. मग म्हणाल्या, “मी त्या माणसाला पंचवीस वर्षं शिव्या घातल्या. त्या आता कुठं नेऊन टाकू, सांगा की.” मी उठून तव्याखालचा गॅस बंद केला.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. पुढच्या महिन्यात प्रियंका ‘धागा’ लोकांना बघायला उघडणार आहे आणि बोलायला मला उभं करते आहे. मी सगळं सांगणार आहे, खटका माझा, ठिपका माझा, सभेतला खोटा आरोप माझा. पण मला माझा आवाज माहीत आहे. कबुलीही मी अशी रंगवीन की टाळ्या पडतील, मीच मोठा ठरेन आणि तू पुन्हा माझ्या भाषणातला एक माणूस होशील. त्या सभेत तुझं नाव तुला न विचारता घेतलं. या वेळी विचारतो आहे. घेऊ का? नको म्हणालास तर नाव न घेता सांगेन, माझी चूक तेवढ्यानेही लोकांना कळेल. आणि तुलाच बोलायचं असेल, तर ये. मी भाषण करणार नाही. समोर सतरंजीवर बसून ऐकेन.

तुझाच, तू मानलंस तर,
यज्ञेश्वर